दोन लाल दोरे

भिंगारच्या एलिया मिस्त्रीच्या दारात बेलापूरचा टेम्पो थांबला. फटफटी खाली उतरवली, तशी साळूबाईने पदराने टाकीवरची धूळ पुसली आणि नवऱ्याला म्हणाली, "सांगा की. का तेबी म्याच सांगू?"

कानिफनाथ घुटमळला. "मिस्त्री, बॅटरी भरत न्हाई. भीमाची गाडी हाय."

एलियाने गाडी ओळखली होती. लष्कराच्या लिलावातली ही जुनी विलायती फटफटी त्यांच्या मुलाने, भीमाने, याच दारात बसून जुळवली होती. गेल्या डिसेंबरात तो लढाईत कामी आला.

"वर्षश्राद्धाला हिचा दिवा अंगणात लागावा, एवढंच म्हननं हाय," साळूबाई म्हणाली. "ह्यांनी दर ऐतवारी किक मारून मारून पाय सुजवला. उजेड काय पडला न्हाई." आणि ती निंबाखाली जाऊन बसली.

ती लांब गेल्यावर कानिफनाथ हळू आवाजात बोलला. "रजेवर आल्ता तवा बॅटरी श्रीरामपूरला भराया दिल्ती. मधीच तार आली, निघाला. जाताना म्हनला, आबा, लाल दोऱ्याची वायर बॅटरीच्या अधिकला लावा. ऐतवारच्या ऐतवारी गाडी चालू करा, बॅटरी उतरू देऊ नका. मी लावली. पर दिव्याजवळचा काटा सदा डावीकडंच, बॅटरी उतरतीच. दिवा बारीक होत होत इझला, आन् त्याच आठवड्यात दुसरी तार आली. एक काम सांगून गेल्तं पोर, मिस्त्री. तेबी माझ्याच्यानं झालं न्हाई."

एलियाने बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचे कार्बन पाहिले. ठीक होते. डायनॅमो आणि बॅटरीमधल्या कटआउटचे पॉइंट मात्र जळून काळे पडले होते. मग त्याने बॅटरीच्या वायरी बोटांनी मागे मागे चाचपत नेल्या. लाल दोऱ्याची वायर अधिकलाच होती, पण ती जात होती डायनॅमोकडे. या गाडीत अधिक टोक सांगाड्याला जोडतात, नेहमीच्या गाड्यांच्या उलट. भीमाला ते पक्कं ठाऊक होतं.

सांगाड्याच्या वायरीला दोन-तीन तंतू चिकटलेले दिसले. ॲसिडने कधीच खाल्लेले, गुलाबीसर, बघणाऱ्याला दोरा वाटू नयेत असे.

"भाऊ, भीमाचा दोरा हा. मग त्या दुसऱ्या वायरीवरचा लखलखीत कुणाचा?"

कानिफनाथ बघतच राहिला. "मोहट्याच्या देवीचा. पोरगं निघालं त्या सकाळी साळूनं बांधला. वायरी लोंबत हुत्या, हाताला आली तिला बांधला. गानं म्हनत हुती—

*लाल दोरा गं बांधिते, माझ्या बाळाच्या गाडीला,*
*राख माय मोहट्याची, माझ्या लेकराच्या कुडीला.*"

तो तिथेच उकिडवा बसला. निंबाकडे बघत म्हणाला, "तिला सांगू नगा. दोष माझ्यावरच ऱ्हाऊ द्या."

एलियाने पॉइंट घासले, नवी बॅटरी भीमाने सांगितली होती तशी जोडली. देवीच्या दोऱ्याची गाठ सोडून तो त्या तंतूंशेजारी बांधला. मग बॅटरीची वायर क्षणभर डायनॅमोला टेकवली. ठिणगी उडाली. उलट्या जोडलेल्या डायनॅमोला असं केल्याशिवाय आपली दिशा आठवत नाही. किक मारली. काटा थरथरला आणि उजवीकडे गेला. भर दुपारी दिवा लागला.

साळूबाई उठून आली. "काय झाल्तं?"

"कार्बन झिजले होते, वहिनी."

ती वाकली. बॅटरीपाशी तिची बोटं दोरा शोधू लागली. दोरा सापडला, पण दुसऱ्या वायरीला.

"ही माझी गाठ न्हाई," ती म्हणाली.

"आगं, मिस्त्रीनं जरा..."

"ऱ्हाऊ द्या." तिने नवऱ्याच्या सुजल्या पायाकडे पाहिलं. "सालभर माझ्या दोऱ्यापायी किका मारल्या व्हय तुमी?"

कानिफनाथने पाय मागे घेतला. इंजिन धडधडत होतं.

"आता ऐतवारी मीबी बसंन तुमच्यासंगं," ती म्हणाली.

मग तिने एलियाची गाठ सोडली आणि त्या गुलाबी तंतूंसकट दोरा पुन्हा बांधायला घेतला. बांधता बांधता सवयीने ओठांवर आलं, "लाल दोरा गं बांधिते, माझ्या बाळाच्या गाडीला..."

पुढची ओळ कुडीची होती. तिने नुसती गाठ आवळली.