शुद्ध मराठीची नीला

माझ्या धाकट्या भावाच्या, विरुपाक्षच्या घरचं पाणीसुद्धा त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरेना. किळस आली होती, स्पष्टच सांगते.

सन चौऱ्याहत्तर. सोलापुरात, नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान. आम्ही घरात कानडी बोलणारी माणसं, मराठी बोलताना हेल येतोच. गिऱ्हाइकं त्याची नक्कल करून हसायची, ते त्याच्या मनाला लागलं. म्हणून पोरगी झाल्यावर त्यानं फर्मान काढलं: नीलाच्या कानावर फक्त शुद्ध मराठी पडलं पाहिजे. ज्याला ते येत नाही त्यानं तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही. आता घरात शुद्ध बोलणार कोण? मग पाळण्याशेजारी रेडिओ आला. आणि त्याची बायको गौरम्मा, अक्कलकोटाकडची, धड मराठी न येणारी, पोटच्या पोरीला मुकाट्यानं न्हाऊ घालू लागली, मुकाट्यानं भरवू लागली. पोर चार वर्षांची झाली तरी तेच.

मी बार्शीहून गेले तेव्हा बैठकीत दोन व्यापारी बसले होते. विरुपाक्षनं नीलाला मध्ये उभं केलं. भिंतीकडे बघत ती धडाधडा म्हणाली, "तुरळक ठिकाणी हलक्या सरी पडण्याची शक्यता आहे." व्यापाऱ्यांनी वाहवा केली. भावाच्या तोंडावर माकडवाल्यासारखं हसू. पोरीची चड्डी ओली झाली होती आणि तेवढं कुणाला सांगणं तिला जमत नव्हतं.

"भूक लागली का गं?" मी विचारलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ही माणसांशी कधी बोलते का रे?"

"आत्ता ऐकलंस न्हवं, अक्का? शाळंत मास्तर गार पडतील बग." शुद्ध म्हणे.

स्वयंपाकघरात गौरम्मानं माझा हात धरला. "अक्का, हिनं मला अजून अव्वा म्हटलं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "चल, आत्ताच्या आत्ता बोल तिच्याशी. तो काय करतो ते मी बघते."

व्यापारी गेले होते. नीला रेडिओपुढे बसली होती. गौरम्मा नवऱ्याकडे न बघता तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "बा मगळे, ऊटा माडु बा." ये पोरी, जेवायला ये.

नीला दचकली. मग हात लांब करून तिनं रेडिओचा काटा फिरवला. सोलापुरात रेडिओवर मधेच कानडी स्टेशन घुसतं, आणि ते घुसलं की विरुपाक्ष असाच काटा फिरवायचा. गौरम्मा बोलतच राहिली. नीला फिरवतच राहिली, रडकुंडीला आली.

"बगितलंस?" विरुपाक्ष खुशीत म्हणाला. "कानडी ऐकूनच घेत न्हाई."

गौरम्मा गप्प झाली. तेव्हा नीलानं काट्यावरचा हात काढला, आणि शांत बसली.