हं, घ्या

हे तो लिहिणारच नव्हता. एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं? पण शिलाईच्या दुकानातल्या मापांच्या वहीचं शेवटचं पान कोरं होतं, आणि हातात पेन्सिल होतीच.

"आई गं!"

लंब्या ओरडला. बेतायच्या टेबलावरची कात्री त्यानं न बघता उचलली, आणि मुठीऐवजी पातं हातात आलं. महिन्यातली तिसरी वेळ.

"पुन्हा मूठ डावीकडे! मी काय डावखुरा आहे?"

डावखुरे होते ते बाबा. पंधरा वर्षं टेबलाच्या अलीकडे तो आणि पलीकडे बाबा. आपलं कापून झालं की कात्री त्यांच्या डाव्या हाताशी सरकवायची आणि म्हणायचं, "हं, घ्या." बाबांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या स्टुलावर आता लंब्या, हा शाळेपासूनचा मित्र, बसायचा, पण हात अजून बाबांनाच कात्री देत होता. तोंडसुद्धा.

"आणि मला 'घ्या' काय? मी तुझा सासरा का?" बोटाला चिंधी गुंडाळत लंब्या म्हणाला. "लोकांचं पोट हातावर असतं, माझं बोटांवर आहे. आणखी एकदा कापलं ना, तर मी दुसरं दुकान बघतो. खरंच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी त्यानं टेबलावर लंब्याच्या उजव्या हाताच्या बाजूला खडूनं बाण काढला. कात्री ठेवायची वेळ आली की आधी थांबायचं, बाण बघायचा, मग मूठ फिरवायची. कापड सरकून बाण पुसट झाला की पुन्हा गिरवायचा. संध्याकाळ झाली तरी एकदाही चूक नाही.

"काय रे, आज मौनव्रत?" लंब्यानं विचारलं. "सकाळपासून एकदाही 'घ्या' म्हणाला नाहीस."

"लक्ष कात्रीकडे होतं."

लंब्यानं बाणाकडे पाहिलं. मग आपण बसलोय त्या स्टुलाकडे. चिंधीचं बोट वर करून म्हणाला,

"ठणकतंय रे. आठ दिवस मी कात्री डाव्या हातानंच उचलणार. तू आपली डावीकडेच ठेव."

हे ऐकून त्यानं तळहातानं बाण पुसला. कात्री सरकवली.

"हं, घ्या."

लंब्यानं ती डाव्या हातानं उचलली, हळूच उजव्या हातात घेतली आणि अस्तर कापायला लागला. चिंधीसकट, एका सरळ रेषेत.

टेबलाच्या अलीकडून त्याला ते दिसलं. खाली वाकून उगाच खडू शोधत तो म्हणाला,

"आठच दिवस हं. नवव्या दिवशी मूठ उजवीकडे. शब्द देतो तुला."