भोकरला उतरलेली सातवी

डॉक्टरांनी साखरेचा आकडा सांगितला तेव्हा शिवकन्याचा नवरा मृत्युंजय शेजारीच बसला होता. त्याला वाटलं, भांड्यांच्या दुकानात बसून बसून हिच्यावर ही वेळ आली. मग लक्षात आलं की त्याच दुकानात आपणही बसतो. त्यानं तो विचार तिथंच सोडला.

"गोळ्या देतो," डॉक्टर म्हणाले, "पण घाम गाळावा लागेल. काहीतरी आवडीचं धरा."

शिवकन्या त्रेचाळीस वर्षांची. आवडीचं काय, हे तिला गेल्या वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. पण आठ दिवसांत दोन उत्तरं आपल्या पायांनी चालत आली.

पहिल्या तारामतीबाई. लातुरात त्यांच्याच गल्लीत राहायच्या, शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेल्या. आवाज तेवढा रिटायर झाला नव्हता. चाळिशीपुढच्या बायकांचा कबड्डी संघ काढायचं त्यांच्या डोक्यात होतं.

"सहा जमल्या. सातवी तू."

"बाई, शाळेत खेळले होते. तीस वर्षं झाली."

"मांड्या त्याच हायत ना?"

दुसऱ्या दिवशी शिवकन्या मैदानावर गेली.

दुसरा हरिओम. त्याच्या मेडिकलवर ती साखरेच्या गोळ्या घ्यायची. त्यानं ट्रेकिंगचा ग्रुप काढला होता. अकरा जण, अकरा काठ्या. जवळपास चढण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून ही मंडळी रोज सकाळी स्टेडियमच्या पायऱ्या चढायची आणि खाली उतरून एकमेकांचं अभिनंदन करायची.

"माहूरला किल्ला चढायलोत, काकू. चला की," तो म्हणाला. तिनं त्यालाही हो म्हटलं.

दोन महिने दोन्ही चाललं. सकाळी पायऱ्या, संध्याकाळी कबड्डी. दुसरीची तंगडी धरून ओढायची आणि वर टाळ्या घ्यायच्या, हे सुख घरात मिळत नाही. पण पायऱ्यांचं निराळंच होतं. साठसत्तर पायऱ्या झाल्या की गप्पा मारणारे मागं पडायचे, आणि आपल्या श्वासाशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ कुणी हाक मारत नव्हतं.

"एक कायतरी धर," मृत्युंजय म्हणाला. "दोन्ही करायला तू काय सोळाची हायस?"

"तुम्ही एक बी धरलं न्हाई," ती म्हणाली.

मग भोकरची स्पर्धा आणि माहूरची सहल एकाच रविवारी आली. शिवकन्याला नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली. शनिवारी दुपारी संघ निघायच्या वेळी तिनं बाईंना मेसेज टाकला, ताप आलाय. भोकरला कुणीतरी मिळेल या भरवशावर बाई सहाजणींना घेऊन गेल्या. रविवारी पहाटे शिवकन्या हरिओमच्या जीपमध्ये बसली.

ही जीप भोकरवरूनच जाणार होती. हे तिला कळलं ते जीप भोकरला चहासाठी थांबली तेव्हा.

हॉटेलामागच्या मैदानावर लाउडस्पीकर लागला होता. उद्घाटक अजून आले नव्हते, त्यामुळे सगळंच रखडलं होतं. मग आवाज आला, "लातूरच्या संघाला शेवटची सूचना. दहा मिनिटांत सात खेळाडू उभे राहिले नाहीत तर संघ बाद होईल."

शिवकन्यानं कप खाली ठेवला.

"काकू, बसा. ऊन व्हायलंय," हरिओम म्हणाला.

"पाच मिनिटांत येते," ती म्हणाली. कबड्डी पाच मिनिटांत संपत नाही हे दोघांनाही माहीत होतं. "न्हाईतर असं करा, तुम्ही व्हा पुढं. मी एसटीनं येते."

तिला येताना बघून तारामतीबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"ताप उतरला?"

"हाव."

"मग बूट काढ."

समोरचा संघ तरणाबांड नव्हता, पण रुंद होता. पहिल्याच चढाईत शिवकन्या बाद झाली. दुसऱ्या डावात त्यांची कर्णधार चढाईला आली. कुणी तिच्याजवळ जाईना. शिवकन्यानं खाली झेप घेऊन तिचा घोटा पकडला. कर्णधार मध्यरेषेकडं निघाली ती शिवकन्याला मातीतून फरफटत घेऊनच. गुडघा सोलला, तोंडात माती गेली, पण तिनं घोटा सोडला नाही. मग बाकीच्या वरून कोसळल्या. त्या ढिगाऱ्याखाली शिवकन्या हसत होती.

अठ्ठावीस-सतरा अशा त्या हरल्या.

नंतर सगळ्या पोहे खायला बसल्या. बाईंनी वही उघडली. "आता नायगाव, मग उदगीर. शिवकन्या, तुझे रविवार आपले."

सहाजणींनी तिच्याकडं पाहिलं. ही नजर तिच्या ओळखीची होती. रात्री साडेआठला ताटावर बसलेलं घर तिच्याकडं असंच बघायचं.

"बाई, पुढच्या खेपेला मी न्हाई."

"का? आता तर जमायलंय."

"जमायलंय म्हणूनच. तुम्हाला मी लागणार. घरात लागते, दुकानात लागते. रविवारी तरी कुणाला लागायचं न्हाई मला."

"हे आधी सांगितलं असतंस तर तापाचं नाटक कशाला करावं लागलं असतं?"

"जमत नव्हतं सांगायला."

"जा मग," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीतलं तिचं नाव खोडलं. "पकड मात्र चांगली होती."

एसटीनं ती माहूरला पोचली तेव्हा साडेतीन वाजले होते. हरिओमचा ग्रुप पायथ्याशी उसाचा रस पीत बसला होता. अकरातले सात अर्ध्यातूनच परतले होते.

"वर काय न्हाई, काकू," त्यातला एक म्हणाला. "ऊन, माकडं अन् दगडं."

"बघून येते," शिवकन्या म्हणाली.

गुडघा ठणकत होता. पुढं कुणी नव्हतं, मागं कुणी नव्हतं. एका माकडानं तिच्या पिशवीचा अंदाज घेतला आणि नाद सोडला. पडक्या तटाजवळ ती टेकली. खाली जंगल पसरलं होतं. घाम कानामागून मानेवर उतरत होता.

फोन वाजला. मृत्युंजय होता. भोकरला खेळायला उतरल्याचं तिनं त्याला सकाळीच कळवलं होतं.

"जिंकलात का?"

"हरलो."

"मग आता काय करायलीस?"

"डोंगर चढायले."

"घरी कधी येशील?"

"उतरल्यावर," ती म्हणाली. फोन पिशवीत टाकला, आणि अजून उजेड होता म्हणून आणखी वर निघाली.