हद्दीबाहेरचं घर

नकाशावर रेघ ओढणारा हात माझ्या धाकट्या दिराचा होता. तळ्याला वळसा घालत रेघ माझ्या घरापाशी आली आणि अलीकडूनच वळली. तळ्याकाठच्या घरांनी मिळून मंडळ काढायचं, कर भरायचा, पाण्यातलं गवत कापायला यंत्र घ्यायचं, असं शाळेच्या हॉलमध्ये ठरत होतं. सगळी घरं हद्दीत होती, माझं तेवढं बाहेर.

"यांचं का नाही?" मास्तरांनी विचारलं. ते अध्यक्ष होणार होते, विचारणं भागच होतं.

"भाऊ गेला तेव्हाच संबंध संपला," दीर म्हणाला. "वहिनीला आत घ्यायचं म्हणजे मताचा हक्क द्यायचा. प्रत्येक गोष्टीत आडवी येणार. कशाला नसती डोकेदुखी?"

दोघं-तिघं हसले. मास्तर चष्मा पुसत बसले. एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नाही, पण त्या दिवशी ऐकून घेतलं. मला आत यायचं होतं हो. वारा सगळं कुजकं गवत माझ्याच दाराशी आणून लावतो, वासापायी स्वयंपाकघराची खिडकी बारा महिने बंद असते. ते यंत्र माझ्याइतकं कुणालाच हवं नव्हतं काठावर, म्हणजे माझ्याइतकी गरज कुणाला नव्हती.

मंडळाला मंजुरी मिळाली, यंत्रही आलं. ते दिराच्या होड्यांच्या धक्क्यापर्यंत घासूनपुसून काम करायचं आणि माझ्या कुंपणाशी पाठ फिरवायचं. कापलेलं गवत वाहत माझ्याकडे. चालवणाऱ्याला हटकलं तर म्हणाला, "हद्दीपलीकडे डिझेल जाळलं तर माझी नोकरी जाईल, बाई." त्याचं काय चुकलं?

पण मुळं पाण्याखाली शाबूत होती. गवत दुपटीनं माजलं. मग कुणा जाणकारानं सांगितलं, उन्हाळ्यात पाणी उतरवा, काठाची मुळं उन्हात वाळू द्या. मंडळानं एकमतानं ठराव केला, टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी विचारलं, पाणी सोडायचं लोखंडी दार उघडणार कोण?

जिवंत होता तोवर माझा नवरा उघडायचा. लोक त्याला दारवान म्हणून चिडवायचे. पण ते दार कुणाच्या जागेत आहे, हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तळ्याचं दार म्हणजे तळ्याचंच, असं सगळे धरून चालले. ते माझ्या मोरीमागे आहे, कुंपणाच्या आत. रेघ ओढताना त्यांनी मला काढलं आणि माझ्याबरोबर तेही काढलं.

दीर मास्तरांना घेऊन आला. नवऱ्याच्या तेराव्यानंतर, नाही, त्याच्याही आधीपासून त्यानं माझा उंबरा ओलांडला नव्हता.

"वहिनी, आपण घरचीच माणसं. दार उघडू द्या."

"उघडते की, भाऊजी. आधी हॉलमध्ये सगळ्यांसमोर सांगा, मला वगळलं ती चूक झाली. आणि मला आत घ्या."

"हद्द बदलायची तर सगळ्यांच्या सह्या नव्यानं घ्याव्या लागतील," मास्तर पुटपुटले.

"घ्या. पाय काही मोडले नाहीत तुमचे."

दिराचा चेहरा लाल झाला. "तुझ्यापुढे नाक घासू? पाणी उतरलं नाही तर घाण तुझ्याच दारात साचेल."

"साचू दे. मला खिडकी बंद ठेवायची सवय आहे. तुमची गिऱ्हाइकं नाक दाबून होडीत बसतील का, ते बघा."

तो ताडकन उठला, मागे गेला आणि दाराच्या चक्राला दोन्ही हात घातले.

"हात लावू नका," मास्तर मागून ओरडले. "परक्याची जागा आहे. मंडळावर शेकेल."

त्यानं हात काढले. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठमोरा तो अगदी माझ्या नवऱ्यासारखा दिसतो, तेच पडके खांदे. मला भरून आलं. त्या क्षणी तो एक शब्द नीट बोलला असता, तर माफीबिफी सोडून मीच चक्र फिरवलं असतं. त्यानं हाताचा गंज पँटला पुसला आणि मला वळसा घालून निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात गवत त्याच्या धक्क्यावर चढलं. त्यानं होड्या विकायला काढल्या. बोलावणं आलं नाही, आणि दार मी उघडलं नाही.