दोन राज्यांची ओंजळ

रोमन लोक ब्रिटन सोडून गेले, त्यानंतरच्या एका थंडीत माझ्या उथळ, झऱ्याच्या विहिरीतलं पाणी मधोमध उभं दुभंगलं. अर्धं उत्तरेला सरलं, अर्धं दक्षिणेला, आणि मध्ये भांगासारखा कोरडा तळ दिसायला लागला.

मी काही बोलले नाही. बोलता येतही नव्हतं. पहाटे उठायचं, केस विंचरून मधोमध भांग पाडायचा, मुक्याने घागर भरून झऱ्याच्या देवीच्या शिळेवर ओतायची आणि मगच दिवसाचा पहिला शब्द तोंडातून काढायचा, असा माझा नेम आहे. मी घागर बुडवली. ती अर्धीच भरली, पण आडवी अर्धी नव्हे, उभी अर्धी. एक बाजू काठोकाठ, दुसरी कोरडी ठणठणीत, मध्ये पाणी भिंतीसारखं उभं. ओतलं तर शिळेचीही एकच बाजू भिजली. दुसरीसाठी मी पुन्हा खेप घातली. देवीला काय, भाव पुरे.

मग टेकडीवर सेवेरसकडे गेले. हा म्हातारा रोमन मोजणीदार. त्याची पलटण गेली तेव्हा तो मागे राहिला, कारण त्याची एक रेघ अर्धवट राहिली होती. आताही तो दोरी आणि खुंट्या घेऊनच बसला होता.

"पाणी दुभंगलंय," मी म्हटलं.

"दुभंगणारच, बाई. हद्द तिथून जाते."

"हद्द विहिरीला वळसा घालून जाते. माझ्या आजीच्या आजीपासून."

"ती तुमची जुनी. आता राजांनी सरळ मागितली आहे."

खरंच होतं ते. आमच्याकडच्या हद्दी झाडांना विचारत, ओढ्याच्या कलाने, विहिरींना प्रदक्षिणा घालून जायच्या. पण आमच्या दोन्ही राजांना वाटलं, रोमन गेले तरी राज्य रोमनांसारखं करावं. त्यांनी दोरी लावायला सांगितली. दोरीला वळता येत नाही. ती जिथून जाते तिथलं सगळं दोन होतं.

दोघे राजे माझ्याच अंगावर वाढलेले. आमच्यात चाल आहे. शेजारच्या राजघराण्यांनी आपली तान्ही मुलं हद्दीवरच्या एकाच घरी वाढवायला द्यायची, म्हणजे मोठेपणी ती एकमेकांवर भाला उचलत नाहीत. माझं बाळ तेव्हा नुकतंच गेलं होतं आणि दूध राहिलं होतं. उत्तरेच्या मेउरिगला मी डावीकडे घ्यायची, दक्षिणेच्या कादेलला उजवीकडे. दोघांची कपाळं मध्ये एकमेकांना टेकायची.

दोरी रोज थोडी पुढे येत राहिली. चुलीतून गेली तेव्हा जाळ दोन झाला आणि दोन्ही जाळ एकमेकांकडे पाठ करून जळू लागले. उंबऱ्यावर मांजर झोपलं होतं. आता त्याचं पुढचं अर्धं घरात दूध पितं आणि मागचं अर्धं कादेलच्या राज्यात शेपूट हलवत फिरतं. त्याला काही त्रास असेलसं दिसत नाही. माझी खोली मात्र अरुंद होत गेली. शेवटी मी कुशीवर झोपू लागले.

आज पहाटे घागर घेऊन विहिरीवर आले, तर धुक्यात दोन्हीकडे भाले उभे होते. पुढे माझी दोन मुलं, डोक्यावर रोमन शिरस्त्राणं. दोघांनाही ती मोठी होत होती.

"दूधआई, अर्ध्या विहिरीवर राज्य होत नाही," मेउरिग म्हणाला. "याला घरी जायला सांग."

"ती कशी सांगेल? शिळा भिजलेली नाही अजून," कादेल म्हणाला. "राजा झालास आणि एवढंही विसरलास?"

"काही विसरलेलो नाही. दात आल्यावर तू तिला चावायचास, तेही नाही."

"आणि तू स्वतःचं संपवून माझ्या बाजूला सरकायचास. हावरा तो हावराच."

भालेवाल्यांत कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तिच्या हातचं पाणी पिऊ," मेउरिग म्हणाला. "मग बघतो तुला."

"पाणी पिऊ. मग बघच."

हीसुद्धा आमच्याकडची चाल. दूधआईच्या ओंजळीत पाणी आहे तोवर कुणी शस्त्र उचलायचं नाही. ओंजळ संपली किंवा सांडली, की मोकळे.

मी घागर खाली ठेवली. विहिरीत उतरले, पूर्वेकडे तोंड करून, कोरड्या तळाच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिले आणि वाकून ओंजळ भरून घेतली. डाव्या तळव्यात उत्तरेचं पाणी आलं, उजव्यात दक्षिणेचं. दोन्ही करंगळ्या मी एकमेकींवर घट्ट दाबल्या. पोरांनी शिरस्त्राणं काढली, माना खाली घातल्या आणि प्यायला लागली. कपाळं टेकली. मेउरिगचे डोळे मिटले, मग कादेलचेही. सावकाश प्या रे, असं मला म्हणायचं होतं.

ती सावकाशच पीत होती. खालून झरा येत होता की काय कोण जाणे, ओंजळीतलं पाणी उतरत नव्हतं. भाले कंटाळून वाकले. मला वाटलं, देवीची इच्छा असेल तर मी अशी संध्याकाळपर्यंत उभी राहीन, उद्यापर्यंतही.

तेवढ्यात सेवेरस दोरी घेऊन आला.

"बाई, विहिरीतली खुंटी ठोकायची राहिली आहे, ती तुम्ही उभ्या आहात तिथे येते. जरा सरकता का?"

मी सरकू शकत नव्हते. नाही म्हणू शकत नव्हते.

"हरकत दिसत नाही," तो म्हणाला आणि त्याने दोरी माझ्या डोक्यावरून घेतली. ती बरोबर भांगात बसली. माझ्या डाव्या कानाला आता फक्त मेउरिगचे घोट ऐकू येत होते आणि उजव्याला फक्त कादेलचे. डाव्या करंगळीने उजवीला चाचपून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

सेवेरसने हातोडा उचलला, एक डोळा मिटला आणि रेघ सरळ आहे ना ते पाहिलं. मुलं अजून पीत होती. त्यांच्या कपाळांखाली, माझ्या दोन तळव्यांच्या मधून, उन्हाची एक बारीक, सरळ तिरीप आत आली.