सांडव्यापलीकडचं बोलणं

भोंगाकाकू हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलं होतं आणि काकूंना ते चांगलं ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. एकतीस वर्षं कापड गिरणीत मागावर काढलेल्या बाईचा आवाज भोंग्यासारखा नसेल, तर काय सतारीसारखा असेल? मागांच्या खडखडाटाने कान थोडे मंद झाले होते, आणि आपल्याला ऐकू येईल इतपत बोलायचं म्हटलं की ते आपोआप तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचायचं.

कान गेले तरी डोळे मात्र घारीचे होते. मागच्या वर्षी मोतीबिंदू काढल्यावर सुनेनेच त्यांना तपासलं. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. तिने भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर काकूंनी शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि तिच्याखाली बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. तेव्हा सून म्हणाली होती, "आई, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं आली तर दुकान बंद करावं लागेल."

आता त्याच दुकानाची नवी शाखा सहा तासांवरच्या शहरात निघणार होती आणि ती सांभाळायला सुनेला बोलावलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टा सगळीकडेच बिघडतात, त्यामुळे त्याचं कुठेच अडणार नव्हतं. महिनाअखेरीला दोघं निघणार होती. प्रश्न होता तो काकूंचा. त्यांना जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं, फक्त कुणीतरी तसंच मनापासून बोलवायला हवं होतं. मुलाने विचारलं होतं, पण कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता. "तू पण येशील ना गं?" असं त्याने बुटाला विचारल्यासारखं विचारलं आणि काकू "बघू" म्हणाल्या. त्याला दहा दिवस झाले. सून तर त्यावर एक अक्षर बोलली नव्हती, आणि काकूंच्या मनाला तेच लागून राहिलं होतं.

रविवारी सकाळी मुलाने टूम काढली, की इथून जाण्याआधी एकदा तळ्यावर जाऊन येऊ. तळं काठोकाठ भरलं होतं आणि सांडव्यावरून पाणी पडत होतं. थर्मासमध्ये चहा घेतला, उकडलेली अंडी घेतली, आणि बसने अर्ध्या तासात तिघं बंधाऱ्यापाशी उतरली.

बंधाऱ्याच्या भिंतीला एका टोकाशी सांडव्याचा उतार होता. तळ्याला जड झालेलं पाणी तिथून गुमान बाहेर पडत होतं आणि पाच पावलांवर गेलं की त्याच्या अंगात यायचं. खडकांच्या पायऱ्यांवरून ते आपटत, फुटत खाली जायचं. त्याच्या कडेने पायवाट होती, जेमतेम वीस मिनिटांची. कुठे लाकडी पायऱ्या, कुठे नुसती ओली माती आणि झाडांची मुळं. काकूंनी आपले जुने कॅनव्हासचे बूट घातले होते आणि त्या दोघांच्या पुढे चालत होत्या.

"आई, सावकाश," सून मागून म्हणाली.

"अगं, सावकाश चाललं की पाय विचार करायला लागतात," काकू म्हणाल्या. खालून वर येणाऱ्या एका जोडप्याने दचकून बाजूला होत वाट दिली. सुनेने ओठ आवळले. हे काकूंनी पाहिलं आणि पुढचं वळण त्या गप्प राहून उतरल्या.

जसजसं खाली जावं तसतसा पाण्याचा आवाज वाढत गेला. तळाशी पोचल्यावर तर स्वतःचा खोकलाही ऐकू येईना. बारीक तुषार तोंडावर येत होते. काकू थांबल्या आणि त्यांना एकदम बरं वाटलं. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. गिरणीत कामाची पाळी सुरू झाली, शंभर माग एकदम चालू झाले की असंच व्हायचं. सगळं जग बंद, आणि आपण आत.

ओढ्यावर एक अरुंद लोखंडी पूल होता आणि पलीकडे उभं राहून बघायला कठड्याचा चौथरा. मुलाने हाताने खूण केली, येतेस का? काकूंनी अलीकडच्या बाकावर बूड टेकलं आणि तुम्ही जा अशी मान हलवली. दोघं पलीकडे गेली. मध्ये फार तर तीस पावलांचं पाणी. काकूंनी अंडं सोलायला घेतलं.

आता गिरणीतली गोष्ट अशी, की तिथे आवाजाने कुणी बोलतच नसे. मागांवरून इकडून तिकडे धावणारे धोटे असे धडाडत असायचे, की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी व्यर्थ. मग बाया तोंडाने बोलायच्या, आवाजाशिवाय, ओठ नीट हलवून, आणि चार माग पलीकडची बाई ते वाचायची. अशी तिथे लग्नं जमली, भांडणं झाली, एकदा तर जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, बायकोला जुळं झाल्याची बातमी जॉबरच्या आधी सगळ्या खात्याला कळली. त्याला एक नियम होता, कुठे लिहिलेला नाही पण सगळ्या पाळायच्या. बोलणं आपल्यासाठी नसेल तर मान फिरवायची. काकूंनी एकतीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

मुलाला हे सगळं लहानपणापासून माहीत होतं. पण आईला गिरणी सोडून नऊ वर्षं झाली होती, आणि आईबद्दल माहीत असलेल्या गोष्टीच माणूस आधी विसरतो.

काकूंनी सहज वर पाहिलं तर बायकोच्या कानाशी वाकलेल्या मुलाचे ओठ म्हणत होते, "इथे बोल मोकळेपणाने. आईला काही ऐकू जायचं नाही."

काकूंनी मान फिरवली. अंड्याचं कवच कागदात गुंडाळलं. समोरच्या दगडावरचं शेवाळ बघितलं. शेवाळात बघण्यासारखं फारसं नव्हतं. दहा दिवसांचं ओझं उरावर घेऊन ही बाई बसली होती आणि उत्तर तीस पावलांवर उभं होतं. काकूंनी मान परत वळवली.

"तू नीट विचारलंच नाहीस त्यांना," सून म्हणत होती.

"विचारलं की. बघू म्हणाली. तिचं बघू म्हणजे नाही असतं."

"मग आता?"

"जबरदस्ती केली तर येईल ती. पण तिथे तिला कोण ओळखतंय? दिवसभर खिडकीत बसेल बिचारी."

बिचारी म्हणे. काकूंना हसू आलं आणि रागही आला. तेवढ्यात सुनेने केसांवरचं पाणी झटकलं आणि म्हणाली, "खरं सांगू? त्यांच्या मोठ्याने बोलण्याचा मला फार वैताग येतो. सकाळी सहाला फोन लावतात तर माझं डोकं उठतं. चार वर्षं झाली, अजून सवय नाही झाली. पण..."

आणि ती धबधब्याकडे वळली.

आता काकूंना तिचे फक्त ओले केस दिसत होते. केसांआड ती काहीतरी बोलत होती, बराच वेळ, हात हलवून. मुलगा ऐकत होता. तो हसला. मग हसणं थांबवून त्याने खाली बघितलं. शेवटी म्हणाला, "मग हे तूच सांग तिला."

काकूंच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. वैताग येतो, हे खरंच होतं, त्यात खोटं काय? शेजारच्यांनाही येत असेल. पण त्या "पण"च्या पुढे काय होतं? चांगलं होतं की तोडून टाकणारं? हे पोटात घेऊन घरी जायचं, आणखी दोन आठवडे काढायचे, आणि मग टेम्पो निघताना हात हलवायचा, हे काही आपल्याच्याने होणार नाही, असं त्यांनी ठरवलं. अंडं पिशवीत टाकून त्या उठल्या आणि पूल ओलांडून थेट सुनेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वैताग येतो," काकू म्हणाल्या, "पण काय?"

सुनेला त्यातलं अर्धंच ऐकू आलं असावं, पण तेवढं पुरलं. तिने आधी काकूंकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने कपाळावर हात मारला. मग बोटाने आधी आईचे डोळे दाखवले, मग स्वतःचे ओठ. सुनेचा चेहरा लालबुंद झाला.

"मी बघायला नको होतं," काकू म्हणाल्या. "चुकले मी. पण पुढचं सांग. असेल ते सांग, मला चालेल."

सुनेने काकूंच्या दोन्ही दंडांना धरलं, चेहरा समोर आणला आणि आवाज न काढता, एकेक शब्द वेगळा करून ती बोलली. कुणी शिकवलं नव्हतं तरी तिला ते बरं जमलं.

"मागे तुम्ही चार दिवस तुमच्या बहिणीकडे गेला होतात. घर इतकं गप्प झालं की मला जेवण जाईना. मी टीव्ही मोठा करून बसायचे. शेवटी सकाळी सहाला उठून उगीचच तुम्हाला फोन लावला, आठवतं? किल्ली कुठे ठेवलीय विचारायला. किल्ली माझ्या हातातच होती." ती थांबली. "मी विचारलं तर तुम्हाला वाटेल, घर सांभाळायला माणूस हवंय म्हणून विचारतेय. म्हणून नाही विचारलं. आई, चला आमच्याबरोबर. मला हव्या आहात तुम्ही."

काकूंनी ते सगळं वाचलं, आणि नको असताना त्यांचे डोळे भरून आले. वर तुषारही होते, त्यामुळे निभावलं. मुलगा बाजूला उभा राहून पुन्हा बुटाच्या नाडीशी खेळत होता.

काकूंनी उत्तर दिलं. सुनेच्या डोक्याची काळजी होती, म्हणून जन्मात दिलं नसेल इतक्या हळू दिलं.

सून पुढे वाकली, कानाशी हात नेला आणि म्हणाली, "ऐकू नाही आलं, आई. मोठ्याने बोला."