इलारिओचं संरक्षण

"हस की जरा! मयताला आल्यासारखा काय उभा राहतोस?" हवालदार बानेगासने इलारिओच्या खांद्यावर हात टाकला. दुसऱ्या पोलिसाने मोबाइल वर धरला. इलारिओ हसला. फोटो निघाला, गाडी धुरळा उडवत उताराने निघून गेली आणि इलारिओ कुंपणाला धरून तिथेच खाली बसला.

नोर्बेर्ता तव्यावरची मक्याची तोर्तिया तशीच टाकून बाहेर आली. "गेले?"

"गेले. परत येतो म्हणालाय."

होंडुरासच्या डोंगरातल्या त्या गावात इलारिओ पाणी सोडायचं काम करायचा. झऱ्यापाशी जायचं, चावी फिरवायची, नळी फुटली तर जोडायची. घाबरट म्हणून तो गावभर प्रसिद्ध होता. कुत्रं भुंकलं तरी वाट बदलायचा. खाणवाल्यांनी झऱ्याला काटेरी तार घालून पाणी खाणीकडे वळवलं, तेव्हा भांडायला उभा राहिला तो पाणी समितीचा अध्यक्ष कासिमिरो. त्याला कॉफीच्या मळ्यात गोळ्या घातल्या. गाव ओढ्याचं गढूळ पाणी पिऊ लागलं. मुलं आजारी पडली, शेजारच्या रेमिखिआ मावशीची नात त्यातच गेली.

देशातल्या कोर्टांनी दाद दिली नाही, म्हणून वकीलबाई इर्मांनी प्रकरण परदेशातल्या सान होसे शहरात, त्या भागातल्या सगळ्या देशांच्या मिळून असलेल्या मानवी हक्क न्यायालयात नेलं. तार घालताना तिथे कोण कोण होतं, हे सांगणारा आता एकटा इलारिओ उरला होता. साक्षीदाराला सांभाळा, असा हुकूम न्यायालयाने सरकारला केला. सांभाळायला सरकारने पाठवला बानेगासला, आणि त्याच्या फेऱ्यांचा पुरावा म्हणून हे फोटो. तार घातली त्या दिवशी खाणीच्या पहारेकऱ्यांना सिगारेटी वाटत उभा होता तो हाच.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नोर्बेर्ता म्हणाली, "नको जाऊस. पोटात दुखतंय म्हणून कळव बाईंना."

"खरंच दुखतंय गं."

"दुखणारच," दारातून रेमिखिआ मावशीचा आवाज आला. "तुझं पोट आणि तुझी छाती, दोन्ही जन्माची नाजूक."

"मावशी, थट्टा कसली सुचते तुम्हाला?"

"रडून झालंय रे माझं." मावशीने त्याच्यापुढे एक इस्त्री केलेला सदरा ठेवला. "माझ्या नवऱ्याचा आहे. तिथं फाटका घालून जाऊ नकोस."

सान होसेच्या त्या दालनात गारठा होता. सदरा ढगळ होता आणि बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. आपल्या देशाने पाणी हा माणसाचा हक्क असल्याचं करार करून मान्य केलंय, असं इर्माबाई बोलत होत्या. ते ऐकताना इलारिओला फक्त घर दिसत होतं. दाराला नुसती लाकडी खिटी, आणि आत नोर्बेर्ता एकटी.

मग सरकारी वकील उठले. समोरच्या मोठ्या पडद्यावर इलारिओ दिसला. हसणारा. मग पुन्हा तोच, दुसऱ्या सदऱ्यात, तसाच हसणारा.

"हे आपणच ना? पोलीस नेमाने येत होते ना?"

"येत होते."

"जिवाची भीती असलेला माणूस असा हसतो?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर बानेगासचं नाव न घेताच सुटला असता.

"हस म्हणाला, म्हणून हसलो."

"कोण म्हणाला?" मधल्या खुर्चीवरच्या न्यायाधीशबाईंनी विचारलं.

त्याने पडद्याकडे बोट केलं. "खांद्यावर हात आहे ना, तो. हवालदार बानेगास. तार घातली तेव्हा तिथं होता. मी पाहिलं. मला आत्ताही भीती वाटतेय, बाई. माझी बायको घरी एकटी आहे."

"तुमचं या न्यायालयाकडे काय मागणं आहे?"

"पाणी," तो म्हणाला. मग म्हणाला, "आणि राखणीला दुसरं कुणीतरी."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत.

निकालाला वर्ष लागेल, दोनही लागतील, तोवर शहरात राहा, असं इर्माबाईंनी परोपरीने सांगितलं. "नोर्बेर्ता तिकडे आहे," एवढंच तो म्हणत राहिला.

फाट्यावर बसमधून उतरला, तर पोलिसांची गाडी उभी होती. आत बानेगास एकटाच होता.

"बस. घरी सोडतो."

"चालतो मी."

"ऐकलं तुझं भाषण. सगळं फोनवर दिसतं हल्ली. छान बोललास."

इलारिओ चालू लागला. गाडीही त्याच्या मागून चालायच्या वेगाने निघाली. त्याने मागे पाहिलं नाही.

गावातल्या पहिल्याच घरापाशी रेमिखिआ मावशी रस्त्यावर आली. "मेल्या, किती उशीर!" असं म्हणत ती त्याच्या बाजूने चालू लागली आणि आपली कोंबडी कुठे कुठे अंडी घालते ते मोठमोठ्याने सांगू लागली. पुढच्या घरातून कडेवर पोर घेऊन एक बाई निघाली. मग कासिमिरोची विधवा, मग तिचे दोन्ही दीर. गाडीकडे कोणीच बघेना. दारापर्यंत माणसांचा घोळका आणि त्यामागे इंजिनाची घरघर, असे सगळे आले.

नोर्बेर्ताने ताटात घेवड्याची उसळ आणि तोर्तिया वाढली. माणसं उंबऱ्यावर, पायऱ्यांवर दाटीने बसली. बाहेर गाडी तशीच सुरू होती. इलारिओने घास घेतला, तेव्हा चमचा ताटावर खडखड वाजू लागला. सगळ्यांनी ते ऐकलं.

त्याने चमचा बाजूला ठेवला आणि हाताने जेवायला लागला.